अकरावी कॅसेट

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी फीत गिळली. फार आवाज झाला नाही. एका बाईचा वाचता आवाज जड होत होत पुरुषासारखा झाला, मग कागद चुरगळल्यासारखी कुरकुर आली आणि सगळं थांबलं. खोलीत दोघी होत्या. पुतणीने माझं झाकण उघडून फीत ओढायला बोट पुढे केलं.

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "आधी भिंतीवरचं बटण बंद कर."

पुतणीने ते बंद केलं. त्या वेळी करण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर आहे. वय एकतीस वर्षं. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला एका कारखान्यात जोडलं. एकीने मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला, तिसरीने स्क्रू पिळले आणि शेवटच्या बाईने माझ्याकडून एक मिनिटभर गाणं वाजवून घेऊन मला खोक्यात घातलं. त्या मिनिटानंतर मी गाणी फारशी वाजवली नाहीत. माझं आयुष्य पुस्तकांत गेलं.

मला दोन बहिणींनी घेतलं. थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची. धाकटी नकाशांच्या कचेरीत रेषा काढायची. चाळिसाव्या वर्षी धाकटीच्या डोळ्यांचे पडदे सुटले. दोनदा शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. नकाशातल्या बारीक नद्या आधी दिसेनाशा झाल्या, मग रस्ते, मग माणसं. नोकरी गेली त्याचं तिने फार मनाला लावून घेतलं नाही. वाचन गेलं त्याचं घेतलं. जेवताना, चालताना, केस विंचरताना तिच्या हातात पुस्तक असायचं.

"भाजी चिरता येते, जिना उतरता येतो," ती म्हणायची. "पुस्तकाचं काय करू? हुंगू?"

"मी दिवसभर परक्यांना वाचून दाखवते," थोरली म्हणाली. "तुला दाखवायला माझं काय जातंय?" आणि ती मला घेऊन आली.

छापखान्यात तपासणीला दोघं बसतात. एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापलेल्या कागदावर नजर ठेवतो. वाचणाऱ्याला विरामचिन्हंही वाचावी लागतात. थोरलीला त्या कामाची इतकी सवय झाली होती की माझ्यापुढे बसून ती कादंबरीही तशीच वाचायची. "कोण आहे तिकडे प्रश्नचिन्ह तो ओरडला पूर्णविराम नवा परिच्छेद."

पहिल्या आठवड्यात धाकटी हसून हसून बेजार झाली. "अगं ताई, तिथे माणूस मेलाय आणि तू स्वल्पविराम कसले मोजतेस?"

"मजकूर आहे तसा द्यायचा. माणूस त्यांनी मारलाय, मी नाही."

महिन्याभराने धाकटीने तक्रार सोडली. पूर्णविराम आला की ती चहाचा घोट घ्यायची. नवा परिच्छेद आला की पाय हलवून बसायची.

थोरलीची कामाची रीत ठरलेली होती. संध्याकाळी ती एक बाजू वाचून ध्वनिमुद्रित करायची. दुसऱ्या दिवशी पुस्तकाच्या ओळीखाली पट्टी धरून ती सगळी ऐकायची आणि चूक सापडली की तेवढा भाग पुन्हा वाचायची. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन इवलेसे तुकडे असतात. त्यांना ती कान म्हणायची. ते मोडले की त्या कॅसेटवर कुणाला नवं काही भरता येत नाही, आधीचं पुसलं जात नाही. तपासणी पूर्ण झाली की थोरली सुईने दोन्ही कान मोडायची. त्याआधी कधीच नाही. मग कॅसेटला दोरा बांधायची. तिसऱ्या कॅसेटच्या दोऱ्याला तीन गाठी, सातवीच्या सात. दहासाठी एक मोठी गाठ. धाकटीला बोटांनी मोजता यायचं.

आणखी एक रीत होती आणि पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. सुरुवातीला धाकटीला माझी बटणं एकमेकांपासून ओळखता येत नसत. लाल बटण दाबलं गेलं तर मजकूर पुसला जाईल, ही थोरलीला धास्ती. तिने लाल बटणावर लाखेचा एक ठिपका टाकला. तरी समाधान होईना. म्हणून सकाळी छापखान्यात जाण्याआधी ती कॅसेट बसवायची, ऐकण्याचं बटण दाबून ठेवायची आणि भिंतीवरचं बटण बंद ठेवायची. धाकटीने काम आटोपलं की भिंतीवरचं बटण चालू करायचं, की मी सुरू. थांबवायचं झालं तर तेच बटण बंद. बावीस वर्षं असं चाललं. सदतीस पुस्तकं झाली. कोऱ्या कॅसेटी मिळेनाशा झाल्या तेव्हा थोरलीने एका दुकानातला उरलेला साठा पिशवीत भरून आणला.

"एवढ्या संपेपर्यंत आपण संपू," ती म्हणाली.

"बोलण्याआधी बघत जा," धाकटी म्हणाली. "कॅसेटी पुष्कळ आहेत."

अडतिसावं पुस्तक सहाशे बारा पानांचं होतं. धरणाच्या कामावरून एक इंजिनिअर नाहीसा होतो, अशी गोष्ट. तो स्वतः गेला की त्याला कुणी नाहीसं केलं, हे शेवटच्या प्रकरणात कळतं. थोरलीने ते आधी वाचलेलं होतं आणि धाकटी तिला रोज छळायची.

"मुकादमाने केलं ना?"

"तपासणी चालू आहे."

"निदान मान हलव."

"हलवली. तुला दिसली नाही, तर मी काय करू?"

अशी थट्टा त्या दोघींतच चालायची. दुसऱ्या कुणी केली असती तर धाकटीने घराबाहेर काढलं असतं.

दहा कॅसेटी झाल्या. अकरावीच्या वेळी थोरलीला धाप लागत होती. पहिली बाजू तिने नेहमीसारखी वाचली, सगळ्या चिन्हांसकट. त्याला चार दिवस लागले. दुसऱ्या बाजूला काय आहे, हे फक्त मला ठाऊक आहे. ती दुपार होती आणि धाकटी पुतणीबरोबर बाहेर गेली होती. थोरलीने लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "डॉक्टरांनी श्वास जपायला सांगितलाय. या बाजूची विरामचिन्हं तुझी तू घाल." मग तिने प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. मधे चारदा थांबली, एकदा पाणी प्यायली. संपल्यावर फीत पहिल्या बाजूच्या सुरुवातीला आणून ठेवली. ही कॅसेट तपासली गेली नाही. तिचे कान मोडले गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती दवाखान्यात निघाली. निघताना तिने अकरावी कॅसेट माझ्यात बसवली, ऐकण्याचं बटण दाबलं आणि धाकटीला म्हणाली, "लावून ठेवलीय गं." तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. थोरली परत आली नाही.

धाकटीने भिंतीवरचं बटण चालू केलं नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, नऊ वर्षांत नाही. पुतणी राहायला आली. ती म्हणाली, "आत्या, पुस्तक घरात आहे. शेवट मी अर्ध्या तासात वाचून दाखवते."

"तू वाचशील गं. पूर्णविराम कोण वाचणार?"

पुतणीने तिला मोबाइल आणून दिला, कानात घालायची बटणं दिली. त्यात हवं ते पुस्तक कुणीतरी वाचून दाखवतं. धाकटीने आठ दिवस ऐकलं. "हा माणूस छान वाचतो," ती म्हणाली. "इतका छान की मला झोप येते." तरी पुढे तिने त्यावर पुष्कळ ऐकलं आणि तिचा वेळही बरा गेला. हे मी मुद्दाम सांगतो. मोबाइलशी माझं वाकडं नाही.

माझ्यावर उशीचा अभ्रा आला. पुतणी दर रविवारी तो काढून धूळ पुसायची आणि दर रविवारी धाकटी बजावायची, "दाबलेल्या बटणाला धक्का लावू नकोस. ते ताईने दाबलंय." मला कुणी टाकलं नाही, अडगळीत ढकललं नाही. उलट घरात माझ्याइतकं कुणाला जपलं जात नव्हतं.

पण मित्रांनो, बटण दाबलेलं असतं तेव्हा माझ्या पोटात एक रबरी चाक एका पोलादी दांडीवर घट्ट टेकलेलं असतं आणि त्या दोघांमध्ये फीत धरलेली असते. ते चाक फिरण्यासाठी आहे, टेकून राहण्यासाठी नाही. रात्रभर टेकलं तर काही होत नाही. नऊ वर्षं टेकलं तर त्याला खळगा पडतो. पट्टाही एका जागी ताणून कडक होतो. म्हणून सांगतो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला झाकून ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी चालवा. आणि उठताना बटण वर करा, मग ते कुणीही दाबलेलं असो.

चार दिवसांपूर्वी धाकटी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, डावाही उतरतोय. किती दिवस, असं तिने विचारलं. सहा महिने, फार तर वर्ष, असं ते म्हणाले. यंत्र लावलं तर बोलणं कळेल, पण आवाज ओळखू येतील याची खात्री नाही. आज सकाळी तिने स्वतः अभ्रा काढला, खुर्ची डाव्या अंगाने माझ्याजवळ ओढली आणि दहा वाजून नऊ मिनिटांनी भिंतीवरचं बटण चालू केलं.

"कॅसेट अकरावी पहिली बाजू पूर्णविराम," थोरली म्हणाली. धाकटीचा हात गुडघ्यावर होता, तो तिथेच राहिला. एकूण एकोणीस सेकंद ती ऐकू शकली. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

पावणेबाराला दुरुस्तीवाला घरी आला. एका डोळ्याला कायम भिंग लावून असतो, म्हणून सगळे त्याला भिंगवाला म्हणतात. त्याने माझे स्क्रू काढले, आत पाहिलं आणि जिभेने टाळूवर टक् केलं.

"बाई, हे बटण असं कधीपासून दाबलेलं होतं?"

"नऊ वर्षं."

"नऊ वर्षं," भिंगवाला म्हणाला. "माझ्या बायकोनेही मला इतकं घट्ट धरलं नाही."

पुतणी हसली. धाकटी हसली नाही.

"म्हणजे मी बिघडवलं."

भिंगवाल्याने भिंग काढलं. "बटण वर केलं असतं तर चाक वाचलं असतं. खोटं कशाला बोलू? पण फीत तुम्ही ओढली नाही. लोक ओढतात आणि मग मला तुकडे आणून देतात. यात अजून काहीतरी करता येईल."

त्याने चिमट्याने चाकाभोवतीचे वेढे सोडवायला घेतले. एकूण सात वेढे. सोडवायला पन्नास मिनिटं लागली. वीतभर फीत चुरगळली होती, एका जागी कड फाटली होती. ती त्याने दोन कागदांमध्ये ठेवून अंगठ्याने सपाट केली आणि फाटलेल्या जागी मागून पातळ पट्टी लावली. "इथले दोन सेकंद गेले म्हणून समजा," तो म्हणाला. मग दुकानात जाऊन एका मोडीत निघालेल्या टेपरेकॉर्डरमधलं चाक आणि एक नवा पट्टा घेऊन आला. ते चाक आता माझ्यात आहे. कुणाचं होतं, माहीत नाही. चांगलं आहे.

"आधी दुसरी कॅसेट लावून बघू," तो म्हणाला. "खाल्ली तर चालेल अशी द्या."

धाकटीने खोक्यात हात घालून गाठी मोजल्या. "चौथी घ्या. चौथीत सगळे नुसते जेवतायत."

चार वाजता चौथी कॅसेट लावली. पंचेचाळीस मिनिटं माणसं जेवली, स्वल्पविरामांसकट. मी काही गिळलं नाही. भिंगवाल्याला मात्र एक शंका होती आणि ती त्याने बोलून दाखवली. चौथी फीत धडधाकट होती. अकरावी नऊ वर्षं एका जागी दाबलेली आहे, त्यात आता जोड आला आहे. एकदा सरळ गेली तर गेली. पुन्हा अडकली तर तो हात लावणार नाही.

मग त्याने अकरावी उलटून पाहिली. "बाई, हिचे कडेचे तुकडे शाबूत आहेत. मोडून टाकू? चुकून लाल बटण दाबलं गेलं तर सगळं पुसलं जाईल."

धाकटीने कॅसेटच्या कडेवरून बोट फिरवलं. "कान मोडले नाहीत म्हणजे ताईने ही तपासली नाही," ती म्हणाली. "तपासल्याशिवाय कान मोडायचे नाहीत."

"अहो पण—"

"ऐकताना मी तपासते." ती पुतणीकडे वळली. "पुस्तक आण. पट्टी त्याच्यातच असेल. तू ओळ धर. चुकली की बोट वर करू नकोस, मला दिसत नाही. मांडीवर थाप मार."

पुतणीने पुस्तक आणलं. पट्टी पाचशे एकसष्टाव्या पानावर होती. भिंगवाल्याने कॅसेट बसवली आणि ऐकण्याचं बटण दाबायला हात पुढे केला.

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "मी दाबते."

हे बटण तिने आजवर कधी दाबलेलं नाही. तिने माझ्यावरून बोटं फिरवली, लाखेचा ठिपका शोधला आणि तिथून डावीकडे मोजत आली. एक, दोन. बोट थांबलं. ते योग्य बटणावर आहे.

पहिल्या बाजूच्या सुरुवातीलाच जोड आहे. दुसऱ्या बाजूवर काय आहे ते मला माहीत आहे. दोन्ही बाजू या नव्या चाकावरून नीट जातील की नाही, ते माहीत नाही.

पाच वाजून बारा मिनिटं झाली आहेत. भिंतीवरचं बटण चालू आहे. धाकटीने डावा कान माझ्याकडे केला आहे. बोट बटणावर आहे, अजून दाबलेलं नाही.