काकासाहेबांच्या उसातला बॉल

"आता मी जे सांगनार हाय, त्यावर तुमच्यातला एक जन इस्वास ठिवनार न्हाई. आन ठिवलाच, तर मीच त्याला येडा म्हनीन!"

एवढं बोलून मच्छिंद्र मुकादमांनी दुधाची किटली संकलन केंद्राच्या ओट्यावर टेकवली, टोपी काढली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर बसवली. मुकादमांनी टोपी झटकली की सोनईतली माणसं हातातलं काम थांबवतात.

फॅटच्या मशीनवर बसलेला कल्याण मात्र थांबला नाही. "मुकादम, आधी दूध वता. मागल्या टायमाला तुमी मगरीवर बसून मुळा धरन वलांडलं, तवा अर्धा तास रांग खोळंबली हुती."

"मगर न्हवती ती. तिचं पिल्लू हुतं. मी कधी वाढवून सांगत न्हाई."

रांगेत पुढे बायडाबाई होत्या. गेल्या महिन्यात त्यांची शेळी बिबट्यानं नेली, तेव्हापासून जनावराचं नाव निघालं की त्या पदराचं टोक दातात धरायच्या. आणि रांगेच्या मागे, खांद्यावर पोतं टाकून, मुकादमांची नात सुकन्या उभी होती. ग्राउंडवर निघाली होती. खरं तर ही सगळी गोष्ट तिच्यासाठीच होती. बाकीची माणसं नुसती साक्षीला.

मुकादमांनी तीस वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या नेल्या. मग गुडघे गेले, टोळी पोराकडे गेली. आता पोरगा आणि सून दिवाळीनंतर कोयते घेऊन बाहेर पडतात, आणि मागे घरात राहतात आजोबा, नात आणि नातीचा फुटबॉल. तो खेळ मुकादमांना कुणी शिकवला नव्हता. पण अकरा माणसं, समोर रान आणि उरकायला ठरलेला वेळ, एवढं दिसलं की त्यांना पुढचं आपोआप कळायचं.

संगमनेरविरुद्धची मॅच आपण हरणार, हे त्यांनी विसाव्या मिनिटालाच सांगितलं होतं. सोनईच्या दहाच्या दहा पोरी एका ओळीत पुढे सरकत होत्या, फडात शिरल्यासारख्या. तोडणाऱ्यांच्याच पोरी त्या. आईबाप तसे पुढे जाताना जन्मापासून पाहिलेले. ऊस तोडताना मागं उरतात ती धसकटं, त्यामुळे मागं वळून बघायची सवयच नाही. पण संगमनेरच्या पोरी काही धसकटं नव्हत्या. एक लांब बॉल ओळीच्या मागं पडला आणि गोल. शेवटी मॅच तीन-दोननं गेली.

"वळीनं न्हाई, जोडीनं खेळवा," मुकादमांनी खेळाच्या मास्तरांना, बजरंग सरांना सांगितलं. "कोयता कसा, नवराबायकोचा. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. तसं एकीनं बॉल आडवायचा, दुसरीनं घिऊन जायाचा. आन समोरच्या पोरीला चारी अंगानं कोंडू नका. फड चारीकडनं तोडत आलं तर मदलं जनावर आपल्याच अंगावर येतं. एक बाजू मोकळी सोडायची, म्हंजी ते कुटनं जानार ते आपुन ठरवायचं."

बजरंग सर हसले, पण तसंच खेळवलं. शेवगावशी एक-एक बरोबरी झाली.

अडचण उरली डाव्या अंगाची. डावीकडे मागे सुकन्या खेळायची. संगमनेरचे उरलेले दोन गोल तिच्या बाजूनं आले, शेवगावचा एकुलता एक गोलही तिच्याच बाजूनं. सर म्हणाले, पोरगी मंदावली. मुकादमांना ते पटेना. त्यांनी रात्रभर आठवून आठवून जुळवलं. संगमनेरचे ते दोन गोल पहिल्या हाफमध्ये झाले, शेवगावचा दुसऱ्या. पोरगी तीच, पाय तेच, बदलली होती ती नाणेफेक. दोन्ही वेळा गोल झाला तेव्हा सुकन्याच्या डाव्या हाताला काकासाहेबांचा ऊस होता.

मैदानाची ती कड आणि ऊस यांच्यामध्ये एक पाट, बस. पाटाच्या काठावर वन खात्याचा बोर्ड, त्यावर बिबट्याचं चित्र. बोर्ड लागल्यापासून सुकन्या कडेच्या पांढऱ्या लाइनीपासून दहा पावलं आत उभी राहायला लागली होती. त्या दहा पावलांच्या बोळातनं समोरचा कुणीही टेम्पो घालावा. शेवगावच्या मॅचला बॉलही त्याच उसात गेला. बावीस पोरी, दोन मास्तर आणि एक पंच, कुणी आणायला गेलं नाही. दुसरा बॉल काढला.

आणि आता उद्या रविवारी राहात्याशी मॅच. त्यांची सात नंबरवाली नेमकी त्याच बाजूनं सुसाट येते. उद्याच जिल्ह्याचा संघ निवडणारे येणार. "शनिवारी संध्याकाळच्या सरावाला सुकन्या लाइनीवर उभी राहिली तर रविवारी खेळेल," बजरंग सरांनी परवाच सांगून टाकलं होतं. "नाहीतर बाकावर." तिच्या जागी आरतीला खेळवावं, तर आरती डाव्या पायानं फक्त चप्पल घालते.

म्हणून मुकादमांनी टोपी झटकली होती.

"काल सकाळी, दिस उगवायच्या आत, मी काकासाहेबाच्या उसात गेलो. एकटा."

"अगं बया!" बायडाबाईंनी पदर दातात धरला. "कशापायी?"

"बॉल आनायला."

"घुंगराची काठी तरी नेली हुती का?"

"काठी घरी. मोबाईलवर गानं लावून जावं, तर ब्याटरी संपल्याली. थंडी अशी की पाटाच्या पान्यातनं वाफ निघत हुती. पयली सरी वलांडली. दुसरी. उसाची पाती तोंडावर. मागं बघितलं तर मैदान दिसंना. तिसऱ्या सरीत पाय ठिवला आन," मुकादम थांबले, "पुढं पाचट वाजलं."

कल्याणनं मशीनचं बटण बंद केलं.

"मी थांबलो. तेबी थांबलं. मी एक पाय उचलला. तेबी हाललं. मी श्वास धरला, बायडाबाई. त्यानंबी धरला. आसं किती येळ गेला, द्येवाला ठावं. कानात माजंच काळीज वाजत हुतं. मग त्याचा श्वास सुटला. बारीक. पळून आल्यागत, धापंचा. हितनं त्या किटलीपतूर असंल."

"तस्साच असतो," बायडाबाई कुजबुजल्या. "माझी शेळी नेली तवा मी आयकलाय. तस्साच."

इथपर्यंत शब्द न् शब्द खरा होता.  पुढचं खरं त्यांनी कुणालाही सांगितलं नसतं. पुढचं खरं असं, की मुकादम पळाले. तीस वर्षं ज्यानं टोळीला सांगितलं, जनावर दिसलं तर पळू नका, तोंड त्याच्याकडं ठेवून सावकाश मागं सरका, तो मुकादम धोतर हातात धरून, एक चप्पल उसात टाकून पळाला, आणि पार पाटाच्या पलीकडे, शेतातल्या देवळाला पाठ लावून ऊन येईपर्यंत बसून राहिला.

उसात बिबट्या आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. आणि नातीला पटवायचं होतं ते हे, की तो नाही.

 पोरीनं विश्वास ठेवला नाही तर ती बाकावर. ठेवला तर ती लाइनीवर. लाइनीवर म्हणजे कुठं? बॉल बाहेर गेला की थ्रो-इन. दोन्ही हातांनी बॉल डोक्यावर धरायचा, तोंड मैदानाकडं, पाठ उसाकडं. रात्रभर त्यांना मिटल्या डोळ्यांसमोर तेच दिसत होतं. पोरीची पाठ, त्यावरचा चार नंबर, आणि तिच्यामागं हललेलं पातं. उद्या हलगी असेल, दोनशे माणूस असेल, जनावर बाहेर येत नाही म्हणा. पण आज संध्याकाळी? सरावाला तर नुसत्या पोरी.

"मग?" कल्याण म्हणाला. "पुढं बोला की."

मुकादमांनी नातीकडं पाहिलं. ती मान खाली घालून पोत्याच्या तोंडाचा सुतळीचा फास चाळवत होती. गालावर कालचा पातीचा ओरखडा तसाच होता. म्हशीला उसाचे वाढे आणताना लागला म्हणाली होती. घाबरलीय, मुकादमांना वाटलं. आता माघार घ्यावी का? पण टोपी झटकून झाली होती.

"मग काय! मी गेलो पुढं. चाळीस सऱ्या आत. बघतो तर मदी मोकळ्या जागेला बसलाय पठ्ठ्या! ह्यो येवढा. आन पुढच्या दोन पंज्यांत बॉल. आपली ज्ञानेश्वरी गोलात बसती ना बॉल पोटाशी धरून, हुबेहूब तशी बैठक."

"ज्ञानेश्वरीनं आयकलं तर किटली घालंल डोक्यात," कल्याण म्हणाला.

"आरं, तारीफ करतोय तिची! मी म्हनलं, ह्याला कोंडायचं न्हाई. एक बाजू मोकळी सोडायची. उगवतीची बाजू दिली त्याला. पन ते उठंना. मग मी डावीकडं झुकल्यासारखं केलं आन उजवीकडनं गेलो. राहात्याची सात नंबरवाली करती तसं. फसला! डावीकडं उडी मारली त्यानं आन आपटला."

कल्याण पोट धरून हसायला लागला. बायडाबाई हसल्या नाहीत.

"उठला. माज्याकडं बघितलं. गुरगुरला न्हाई, काई न्हाई. माजी एक चप्पल तोंडात धरली, बॉल पंज्यानं ढकलत ढकलत निगाला उगवतीला. पाट पवला, सडक वलांडली, आन त्या अंगाला गेला तो गेला. आता यायचा न्हाई."

"कशावरनं?" बायडाबाईंनी दातातला पदर सोडला. "मुकादम, पोरी खेळत्यात तितं. कशावरनं यायचा न्हाई?"

हा प्रश्न मुकादमांनी कालपासून मनात तीनदा घडवला होता, आणि तीनही वेळा त्याचं उत्तर झोकात दिलं होतं. हरलेला खेळाडू त्या मैदानावर परत तोंड दाखवत नाही, असं. पण आता ओठांवर दुसरंच यायला लागलं. नको गं पोरी. बस बाकावर. जिल्ह्याचा संघ पुढच्या वर्षीही निवडतील. तू लाइनीवर उभी राहू नकोस.

"त्याचं आसं हाय..." ते म्हणाले. त्यांनी टोपीला हात घातला. टोपी हातातच राहिली.

"आबा," सुकन्या म्हणाली.

रांग सोडून ती पुढे आली. पोतं तिनं वजनकाट्यावर ठेवलं, सुतळी सोडली आणि उलटं केलं. आधी बॉल निघाला. चिखलानं माखलेला, तरी त्यावर ज्ञानेश्वरीनं लाल नेलपॉलिशनं काढलेलं 'सोनई' दिसत होतं. तो घरंगळत कल्याणच्या मशीनला जाऊन टेकला. त्याच्यामागून एक चप्पल पडली. टाचेला टायरचा तुकडा ठोकलेली, डाव्या पायाची.

कल्याणनं चपलेकडं पाहिलं, मग मुकादमांच्या पायांकडं. मुकादमांच्या पायांत आज नव्या चपला होत्या.

"बिबट्यानं परत दिली का काय?" कल्याण म्हणाला.

"सरांनी बाकावर बसवायचं म्हनल्यावर मला झोप लागंना," सुकन्या म्हणाली. ती बोलत होती आजोबांशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्हनलं, एकदा आत जाऊनच बघू. आंधारातच गेले. बॉल सापडला आन तेवढ्यात मागं पाचट वाजलं. मला वाटलं, आला! तितंच खाली बसले. मी हालले की ते थांबायचं, ते हाललं की मी थांबायचे. श्वास धरून धरून छाती फुटायची यळ आली. आन मग सुटलाच श्वास."

मुकादमांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली, ती उलटी.

"मग पात्यातनं बघितलं, तर बिबट्याला धोतर. आन पाटाकडं पळत सुटलेला! आबा, इतकी हसले मी त्या उसात, एकटीच, की भ्या कुटं गेलं ते कळलंच न्हाई. सगळा ऊस फिरून आले. आत काय बी न्हाई. एक मुंगसाचं बीळ हाय." तिनं चप्पल उचलली, झटकली आणि आजोबांच्या पायापाशी ठेवली. "आज संध्याकाळी मी लाइनीवरच हाय. पन तुमी काल चाळीस सऱ्या आत आलाच न्हवता. तीन! मी मोजल्यात!"