मिशीला कोणी विचारलेच नाही

मित्रांनो, मी एक जुनी मिशी आहे. हसू आले ना? येऊ द्या, सगळ्यांनाच येते. पण कृपा करून मला 'खोटी मिशी' म्हणू नका. माझ्यातला केसन्‌केस खरा आहे, प्रत्येक केसाची गाठ खरी आहे, आणि त्या गाठी मारताना ज्याच्या बोटांना घट्टे पडले तो माणूसही खरा होता. खोटे वागणारी माणसे मी जन्मभर अगदी जवळून पाहिली. त्यांना कोणी कधी खोटे म्हटले नाही. ते नाव मात्र मला चिकटले.

सध्या मी कोलकात्यात, टॉलीगंजच्या एका स्टुडिओच्या कोठीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. माझे केस ज्या जाळीवर गाठले आहेत तिला कसर लागली आहे. मागच्या दुर्गापूजेत एका क्लबाने नाटकासाठी मला मागून नेले, कागद चिकटवायच्या डिंकाने एका राजाच्या ओठावर थापले आणि पडदा पडताच ओरबाडून काढले. माझे वीस-पंचवीस केस त्या राजाबरोबरच गेले. राग येणार नाही तर काय होईल? पण तुम्हाला सांगायची आहे ती याहून मोठ्या रागाची गोष्ट.

माझा जन्म चितपूर रस्त्यावरचा. तिथे जात्रा, म्हणजे बंगाली लोकनाट्य, करणाऱ्या मंडळींच्या कचेऱ्यांच्या मधे एक अरुंद जिना आहे. त्या जिन्याच्या टोकाला पांचूगोपाल परामाणिक राहत. सगळे त्यांना पांचूदा म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी नटांचे चेहरे रंगवले, दाढ्या आणि टोप केले. माझ्यासाठी त्यांनी बारीक जाळी ओठाच्या मापाने कापली, लाकडी ठोकळ्यावर टाचली आणि सुईएवढ्या आकडीने एकेक केस जाळीच्या घरातून ओढून त्याला गाठ मारली. केसाची मुळाकडची बाजू आत गेली पाहिजे आणि टोकाकडची बाहेर राहिली पाहिजे, नाहीतर मिशी पहिल्याच दिवशी गुंतते. चार काळ्या केसांमागे एक पांढरा, असे नऊ दिवस चालले. दहाव्या दिवशी पांचूदांनी मला स्वतःच्या ओठावर लावून आरशात पाहिले आणि त्यांची बायको बाहेरून म्हणाली, "कोण आलंय हो?" तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

मला टीव्हीवरच्या एका मालिकेसाठी बनवले होते. तिचे नाव 'भादुडी तपास कचेरी'. रेल्वेतून निवृत्त झालेले भादुडीबाबू आणि त्यांची शेजारीण, टंकलेखन करणारी मिनती, असे दोघे खाजगी गुप्तहेर. त्यांच्याकडे खून-दरोडे येत नसत. कोणाचा बोलका पोपट नाहीसा होई, कोणाच्या लग्नातली संदेश मिठाईची टोपली रिकामी सापडे, एकदा तर फुटबॉलच्या सामन्याच्या आदल्या दिवशी आख्ख्या गल्लीचे डावे बूट चोरीला गेले. सगळे डोके मिनती चालवी. भादुडीबाबू तीनदा मिशीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "चोर या खोलीतच आहे." झाले! गुरुवारी संध्याकाळी गल्ल्या ओस पडत.

आणि मग माझे काय कौतुक झाले म्हणून सांगू! मुले कोळशाने ओठावर माझे चित्र काढत. न्हाव्यांकडे लोक 'भादुडी मिशी' मागत. बर्दवानच्या एका आजोबांनी मला, नुसत्या मला, पत्र पाठवले होते. कौतुक होई माझे, पण ते घरी घेऊन जाई दुसराच. भादुडीबाबूंचे काम करणारे सोमशंकर लाहिडी सभा-समारंभात मला लावून जात, पीळ देत आणि सांगत की ही मिशी त्यांनी फार जपली आहे. त्यांचा स्वतःचा ओठ तळहातासारखा गुळगुळीत होता. मला जपत होते पांचूदा. रोज संध्याकाळी स्पिरिटने माझी जाळी धुवायची, ओल्या केसांना बारीक फणीने वळण द्यायचे, ठोकळ्यावर टाचून वाळवायचे. एवढ्या सभा झाल्या, त्यांपैकी एकाही सभेत पांचूदांचे नाव मी ऐकले नाही.

पांचूदांचे दोन नियम होते. जेवणाआधी मिशी उतरवायची, हा पहिला. दुसरा नियम फक्त त्यांच्यासाठी होता. मेकअपच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे जे दिसेल ते खुर्चीपाशीच ठेवायचे. कोणाचे टक्कल, कोणाचा डाग, कोणी रडून आलेले. त्यांच्या वडिलांनी हे शिकवले होते, आणि त्या धंद्यात हा नियम मोडणाऱ्याला कोणी आपला चेहरा हाताळू देत नसे.

आता तो दिवस ऐका. मालिकेचा पन्नासावा भाग होता. हार्मोनियम कोणी चोरली हे भादुडीबाबू सर्वांना जमवून सांगतात, असा प्रसंग. अर्धा सकाळी घेतला, अर्धा जेवणानंतर घ्यायचा होता. इलिश माशाचा मोसम होता आणि पन्नास भाग झाले म्हणून सगळ्यांना मोहरीतला इलिश होता. पांचूदा गळ्यात तुळशीची माळ घालणारे वैष्णव. मासळीचा वासही त्यांना नको असे. ते मला उतरवायला आले तेव्हा लाहिडीबाबू म्हणाले, "आज मी जेवणारच नाही, नुसतं ताकाचं सरबत नळीने घेणार आहे. लावलेली राहू द्या. तुम्ही जा, तुमचे मुरमुरे खाऊन या." पांचूदा गेले.

मित्रांनो, पांचूदांची पाठ वळते न वळते तोच मेकअपच्या खुर्चीपाशी थाळी आली. माझ्याखालून पाच तुकडे गेले! बंगाली माणूस इलिशचे काटे तोंडातल्या तोंडात निवडतो, त्या कलेबद्दल मला आदर आहे. पण ओठावर मिशी असताना ती कला करू नये. मोहरीचे तेल माझ्या जाळीत मुरले. तेल लागले की डिंक सुटतो. माझे डावे टोक लोंबू लागले. त्या गुप्तहेराने इकडे तिकडे पाहिले, थाळीतला मऊ भात बोटाने चुरडला आणि मला भाताने चिकटवले. पोरे पतंग चिकटवतात तसे!

दिवे लागले. हार्मोनियमवाल्या दिवाणखान्यात सगळे जमले. "चोर या खोलीतच आहे," असे लाहिडीबाबू म्हणाले, आणि दिव्यांच्या धगीने भात वाळून मी हनुवटीवर लोंबकळले. आधी हशा पिकला. पांचूदा धावत पुढे आले. माझ्यावर वाकताच त्यांना मोहरीचा वास आला. त्यांनी लाहिडीबाबूंच्या डोळ्यांत पाहिले. लाहिडीबाबूंनी डोळे वर छताला लावले. इतर कोणाला वास कळायचा प्रश्नच नव्हता, त्या दिवशी सगळ्यांच्याच हातांना इलिशचा वास होता.

दिग्दर्शक नियोगीबाबू तापले होते. दिवाणखाना भाड्याचा, संध्याकाळी रिकामा करायचा. त्यांनी मला हिसकावून घेतले, सगळ्यांना दाखवले आणि पांचूदांना म्हणाले, "तुमचे डोळे गेले पांचूदा, आणि हातही गेला. आता घरी बसा. सोमवारपासून दुसरा माणूस येईल." आणि मला न धुता डब्यात टाकले.

मेकअप करणाऱ्याकडे दुसरे काय असते? याचा हात चांगला, एवढे लोक म्हणतात आणि त्यावर त्याला उद्याचे बोलावणे येते. ते नाव एका वाक्यात गेले. पांचूदांना एक शब्द पुरला असता. त्यांनी तो उच्चारला नाही. खुर्चीतले खुर्चीपाशी, हा नियम त्यांनी पाळला. ज्याच्यासाठी पाळला तो माणूस चार हात अंतरावर उभा राहून नखे पाहत होता. पडद्यावर पन्नास चोर पकडणारा हा माणूस! डब्याच्या अंधारात मी संतापाने ताठ झाले. खरे म्हणजे भाताने ताठ झाले, पण संतापही होताच.

चौथ्या दिवशी डबा उघडला तो सुतपाने. ही मुलगी कोणत्या प्रसंगात कोणाच्या हातात काय होते, पदर कोणत्या खांद्यावर होता, हे वहीत टिपून ठेवण्याचे काम करी. नव्या माणसासाठी माझे माप घ्यायला तिने मला उचलले आणि बोट झटकले. बोटाला काहीतरी टोचले होते. ती मला खिडकीपाशी घेऊन गेली. जाळीत केसाएवढा बारीक, टोकाला दोन फाटे फुटलेला काटा अडकला होता. तिने तो ओळखला, हुंगला. शेजारी वाळलेले शीत होते. सुतपाने वहीत त्या दिवसाचे पान काढून पाहिले. मग मला आणि वहीला घेऊन ती थेट चहा चालला होता तिथे गेली.

मुरमुरे आणि गरम भजी यांच्याभोवती सगळे बसले होते. पांचूदाही होते, आपली पेटी न्यायला आले होते. सुतपाने मला नियोगीबाबूंच्या बशीशेजारी ठेवले.

"दादा, हा कशाचा काटा?"

"इलिशचा. का गं?"

"मिशीत होता."

"मग पांचूदांनी कुठेतरी..." एवढे बोलून नियोगीबाबू स्वतःच थांबले. त्यांची नजर तुळशीच्या माळेवर गेली होती.

"पांचूदांनी जन्मात मासा खाल्लेला नाही," सुतपा म्हणाली. "आणि त्या दिवशी ही मिशी सकाळपासून एकाच ओठावर होती. माझ्या वहीत आहे. पन्नास भाग झाले, आपण गुप्तहेर गुप्तहेर खेळतोय, आणि एकालाही ही उजेडात धरून पाहावंसं वाटलं नाही."

मग लाहिडीबाबू हसले. मोठ्याने, अगदी मालिकेतल्यासारखे. म्हणाले, एवढं काय त्यात, इलिश समोर आला की देवाचाही संयम सुटतो, आणि पाचच तर तुकडे होते. दोघे-तिघे त्यांच्याबरोबर हसले. नियोगीबाबूंनी घसा खाकरला, पांचूदांकडे न पाहता सांगितले की ठीक आहे, सोमवारी नेहमीच्या वेळी या, विषय संपला.

मित्रांनो, माझा सगळ्यात जास्त राग या दोन शब्दांवर आहे. विषय संपला! काढून टाकताना चारचौघांत, मोठ्या आवाजात. परत घेताना चहाच्या घोटाबरोबर.

पांचूदा पेटी उचलून उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"येईन बाबू. पण मिशी मी फक्त लावीन. उतरवायची आणि धुवायची ती लाहिडीबाबूंनी. रोज. मी शेजारी बसून शिकवीन."

लाहिडीबाबूंना ही थट्टा वाटली. त्यांनी हसण्यासाठी आजूबाजूला पाहिले. या वेळी त्यांच्याबरोबर कोणी हसले नाही. सुतपाने वही उघडून विचारले, "लिहून घेऊ का, दादा?" नियोगीबाबूंनी मान हलवली.

सोमवारी काम संपल्यावर लाहिडीबाबू आरशासमोर बसले आणि पांचूदा स्टुलावर. बाबूंनी मला एका टोकाला धरून ओढले. पांचूदांनी त्यांचे मनगट धरले.

"ओढायचं नाही. आधी स्पिरिट लावायचं, मग थांबायचं. ती आपणहून सुटते."

ते थांबले. मी सुटले. त्यांनी जाळी धुतली, फणी फिरवली आणि मला पुढे केले. पांचूदांनी मला दिव्यासमोर धरले आणि परत दिले.

"पुन्हा."

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी त्या माणसाच्या कपाळावर घाम होता आणि त्याची बोटे प्रथमच एकेका केसाला हात लावत होती. मान खाली घालून ते म्हणाले, "पांचूदा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," पांचूदा म्हणाले. 'जाऊ द्या' असे म्हणाले नाहीत, 'काही हरकत नाही' असेही नाही. त्यांनी मला ठोकळ्यावर टाचले आणि दिवा मालवला.

पुढे मालिका दोन वर्षे चालली. लाहिडीबाबूंनी मला रोज धुतले, आणि खरे सांगायचे तर शेवटी शेवटी ते चांगले धुऊ लागले होते. आता पांचूदा नाहीत. मला धुणारेही कोणी उरले नाही.

तर मित्रांनो, तुमच्या हातात एखादी वस्तू आली की ती वापरा, खुशाल मिरवा. पण मिरवून झाल्यावर तुम्हीच ती धुवा, पुसा, जागेवर ठेवा. म्हणजे ती करायला कोणाला किती वेळ लागला असेल ते तुमच्या बोटांना कळेल. वस्तू बिघडली तर ती करणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी ती उजेडात धरून पाहा. आणि चूक तुमची असेल, आणि तुमच्या डोळ्यांदेखत तिच्यासाठी दुसऱ्याला बोलणी बसत असतील, तर नखे पाहत उभे राहू नका. मी त्या दिवशी ओठाला चिकटून सगळे पाहिले आणि गप्प राहिले, कारण मला जीभ नव्हती.

तुम्हाला आहे.