पेटीला आतून कडी नव्हती

“पेटीले आतून कडी नाही, बाई. यायले आत नका बसवू.”

बिस्मिल्लाबी एवढंच बोलल्या होत्या. मित्रांनो, ते शब्द मी दोन हातांवरून ऐकले आणि मनातल्या मनात उडवून लावले. म्हटलं, किती घाबरट आहे ही बाई! दोन तासांचा तर रस्ता. असं खरंच आपल्या हातून झालं, यावर आजही विश्वास बसत नाही.

मी एक जुनी गेमची मशीन आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्यासारखी पाहिलीही नसेल. कपाटासारखी उभी, मोठ्या माणसाच्या उंचीची, छातीशी जाड काच, काचेखाली एक दांडी आणि सहा बटणं. सत्तावीस वर्षांपूर्वी अकोल्यात माझा जन्म झाला. चंद्रभान सुतारांनी प्लायवूडचा सांगाडा ठोकला आणि त्यात जीव घातला अब्दुल रहीम यांनी. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं त्यांचं छोटं दुकान होतं. गल्लीतले सगळे त्यांना रहीमचाचा म्हणत.

काय दिवस होते ते! शाळा सुटली की पोरं गेमच्या दुकानात माझ्यापुढे रांग लावायची. हरलेला म्हणायचा, दांडी अडकते. जिंकलेला म्हणायचा, तुले खेळता येत नाही. माझी खूप स्तुती झाली, आणि खरं सांगते, मी फुगले. मग मोबाइल आले. रांग तुटली, गेमचं दुकान बंद पडलं, आणि माझ्यासह तीन मशीन पुन्हा चाचांच्या मागच्या खोलीत पोत्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. माझ्यात पालीने अंडी घातली. पण चाचा महिन्यातून एकदा पोतं काढून आम्हाला वीज द्यायचे. म्हणायचे, “जागी राह्य, नाही त काच आंधळी होईन.” अशी काच आता कुठे बनत नाही. फुटली की फुटली. म्हणून मी त्या काचेला जिवापाड जपायचे. जिवापाड हा शब्द किती सहज वापरतो ना आपण?

गेल्या मे महिन्यात अमरावतीहून प्रणालीताई आल्या. सोबत चार वर्षांची लेक. लेकीच्या हातातला मोबाइल सोडवता सोडवता त्या थकल्या होत्या. त्यांच्या मनात आलं, की आपल्या घराखालच्या गाळ्यात जुन्या मशीन मांडाव्यात. पोरं निदान उभी राहून खेळतील, शेजारच्याशी भांडतील, हसतील. आम्हा तिघींना त्यांनी बोट लावून लावून पाहिलं आणि पसंत केलं.

आता आम्हाला न्यायचं कशातून, हा प्रश्न आला. प्रणालीताईंसारखी काळजी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यांनी वहीत लिहून काढलं होतं : मशीन आडवी करायची नाही, ऊन लागता कामा नये, धूळ जाता कामा नये, गाडीचा तळ ठेंगणा हवा. पहिल्यांदा एक उघडा टेम्पो आला. त्याला दोर बांधायला चारही बाजूंनी हुक होते, पण वर छप्पर नव्हतं. ऊन काचेवर येईल म्हणून ताईंनी तो परत पाठवला. दुसऱ्या गाडीतून आदल्या दिवशी बकऱ्या गेल्या होत्या. तिचं तर दारच उघडू दिलं नाही.

तिसरी गाडी ओमप्रकाश यांची. मागे पत्र्याची बंद पेटी. पूर्वी तिच्यातून पाव आणि टोस्ट पोचवत. आतून स्वच्छ, गुळगुळीत. ताई आत शिरल्या, तळावरून तळहात फिरवून खिळा वर आलाय का ते पाहिलं, कोपऱ्यांचा वास घेतला, दार लावून फटीतून धूळ येते का तेही पाहिलं. ओमप्रकाश बाहेर उभे राहून हसत होते.

“ताई, पोरगी पाह्यले आल्यावानी गाडी पाहून राहिल्या तुमी. चहा-पोहे सांगू काय?”

ताईही हसल्या. गाडी ठरली. मला तर आनंद झाला; एवढी बंदिस्त, एवढी चकचकीत गाडी माझ्यासाठी!

एक अडचण मात्र होती. पेटीच्या भिंती आतून गुळगुळीत, दोर बांधायला एक हुक नाही. गाद्या लावून दोघी बहिणी भिंतीला टेकल्या, पण मी उंच, मधोमध डुलत राहिले. मग आपल्याकडे जे नेहमी होतं तेच झालं. कपाट न्यायचं असो, फ्रिज न्यायचा असो, एक माणूस मागे बसतो आणि सामान धरून ठेवतो. वऱ्हाडात कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. उघड्या टेम्पोत बसतात तसे चाचा बंद पेटीत बसायला निघाले. उघड्या गाडीची सवय आम्ही बंद गाडीत नेली, मित्रांनो. एवढ्या विचारी माणसांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

आलं ते फक्त बिस्मिल्लाबींच्या. नवऱ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि आधी दाराकडे पाहिलं. मग ते कडीचं बोलल्या. प्रणालीताई थोड्या घुटमळल्या. पण चाचांनीच बायकोची थट्टा केली.

“तू मले दूध समजते काय, उन्हात नासीन म्हणून? मी नाही धरीन त कोन धरीन? काच गेली त कुठून आनू?”

काचेचं नाव निघालं आणि मी मनात म्हटलं, बसा चाचा, तुम्हीच बसा.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. माल चढवणारी माणसं उशिरा आली आणि निघायला साडेअकरा झाले. ऊन पंचेचाळीसच्या घरात. ताईंनी लेकीच्या डोक्याला ओला रुमाल बांधला, तिला सरबत पाजलं आणि दिराच्या एसी गाडीतून त्या पुढे निघाल्या. जाताना ओमप्रकाशना बजावून सांगितलं, की चाळीसच्या वर जायचं नाही, आणि मागून ठोकल्याचा आवाज आला तर मशीन हलतेय असं समजून आणखी हळू घ्यायची. चाचांचा फोन पुढे केबिनमध्ये चार्जिंगला होता. दार लागलं. बाहेरून कडी पडली.

आत अंधार. बिजागरीच्या फटीतून उजेडाची एक सुई तेवढी. चाचा माझ्या कडेला पाठ लावून बसले, एक पाय समोरच्या भिंतीला रोवला. सुरुवातीला गुणगुणत होते. बोरगाव मंजूपर्यंत निम्मं पाणी संपलं, काटेपूर्णेचा पूल मागे पडला तेव्हा बाटली रिकामी. पत्रा इतका तापला की त्यांनी भिंतीला लावलेला पाय काढून घेतला. मग त्यांनी पुढच्या भिंतीवर थापा मारल्या. तीन थापा, थोडं थांबून पुन्हा तीन.

गाडी हळू झाली.

त्यांना वाटलं, थांबतेय. मलाही वाटलं. पण ती थांबली नाही, नुसतीच हळू झाली. ते पुन्हा ठोकत, ती आणखी हळू होई. ओमप्रकाश दुष्ट माणूस नाही हो. सांगितलेलं नेमकं करत होते. प्रत्येक थापेने रस्ता लांबत होता आणि हे आत कुणाला ठाऊक नव्हतं.

चाचा मागच्या दाराकडे सरकले. दार आतून चाचपलं, नखांनी फट उघडून पाहिली. तेवढ्यात खड्डा आला आणि मी डुलले. ते धावत परत आले आणि मला धरलं. पुन्हा गेले, पुन्हा मी डुलले. तीनदा ते दाराकडे गेले आणि तीनदा माझ्यासाठी परत आले. एके काळी मी हजारो पोरांसमोर किंचाळले, शिट्ट्या मारल्या, भोंगे वाजवले. त्या दिवशी विजेशिवाय मला एकही आवाज काढता आला नाही. चौथ्यांदा ते उठलेच नाहीत. पाठ माझ्या कडेला तशीच लागलेली, मान खाली. थापा थांबल्या.

पुढचं बोलणं मी ऐकलं नाही, पण प्रणालीताईंनी ते माझ्यासमोर इतक्यांदा बोलून दाखवलंय, की मला पाठ आहे. त्या अमरावतीला पोचून गाळा झाडत होत्या. आधी एकदा फोन केला तेव्हा ओमप्रकाश म्हणाले होते, आवाज येते मधी मधी, मी हळू घेतली. ताईंनी त्यांना शाबासकी दिली होती. आता पुन्हा फोन केला.

“आता नाही येत ताई आवाज. एकदम शांत.”

ताई ‘बरं’ म्हणाल्या, फोन ठेवला, झाडू उचलला. आणि हात तिथेच थिजला. घरात लेकरू आपटाआपटी करत असलं तर आई स्वयंपाक करत राहते. एकदम गप्प झालं की चमचा टाकून धावते. तसंच काहीसं झालं. त्यांनी पुन्हा नंबर लावला.

“दादा, मशीन थांबून थांबून ठोकत नाही. माणूस ठोकतो. दार उघडा. आत्ता.”

मूर्तिजापूरच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीपाशी दार उघडलं. उजेड आत कोसळला आणि आतली आग बाहेर पडली. ओमप्रकाश एक पाऊल मागे सरले. मग त्यांना चाचा दिसले. त्यांनी चाचांना काखेत धरून खाली उतरवलं. टपरीवरच्या वच्छलाबाई घडा घेऊन धावल्या. ओमप्रकाश चाचांच्या तोंडाला पाणी लावणार, तोच वच्छलाबाईंनी हात धरला. “तोंडात नको घालू, शुद्ध नाही त्यायले. अंगावर टाक.” सगळा घडा त्यांनी चाचांच्या डोक्यावर, छातीवर ओतला, लुगड्याचा ओला पदर काखेत दाबला, पुठ्ठ्याने वारा घातला. मग चाचांना घेऊन गाडी दवाखान्याकडे पळाली. या वेळी कुणी चाळीसचा विचार केला नाही. मी मागे गाद्यांवर आपटत होते, आणि पहिल्यांदाच मला काचेची पर्वा नव्हती.

संध्याकाळी बिस्मिल्लाबी आल्या. प्रणालीताई लेकीला कडेवर घेऊन दवाखान्याच्या आवारात उभ्या होत्या. माझी पेटी तिथेच झाडाखाली, दार सताड उघडं. ताई पाया पडायला वाकल्या. बिस्मिल्लाबींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहत अगदी हळू विचारलं,

“काच फुटली नाही ना?”

नव्हती फुटली. एक ओरखडासुद्धा नव्हता.

चाचा वाचले, मित्रांनो. अकरा दिवस दवाखान्यात होते. पण आता त्यांचा उजवा हात कापतो; तारा जोडायची तापलेली सळई धरवत नाही. शब्द शोधत बोलतात. माझं बटण बिघडलं की प्रणालीताई फोनवर चाचांना विचारत विचारत ते स्वतः दुरुस्त करतात. चाचा कधी कंटाळत नाहीत. फोन ठेवताना ताई दर वेळी विचारतात, पाणी प्यायलं का, पंखा चालू आहे का, घरात दुसरं कोण आहे. चाचा म्हणतात, ही पोरगी त मले बालवाडीत घालीन.

आता मी गाळ्यात उभी आहे. पोरं पुन्हा रांग लावतात, भांडतात, माझी स्तुती करतात. मी आता फुगत नाही. पत्रा, काच, लाकूड जपायला आपण वह्या भरभरून लिहितो. ते जपणारा माणूस मात्र वहीत कुठे नसतो.

म्हणून एक मागते. तुमच्या गल्लीतही कुणी तरी दुपारी पत्र्याखाली एकटं काम करत असेल. टीव्ही दुरुस्त करणारं, पंक्चर काढणारं, इस्त्री करणारं. त्यांच्या दुकानातून आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. उद्या दुपारी घरच्या कुणाला सोबत घ्या, दाराशी जा, त्यांच्या नावाने हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.