पाठ असलेला नंबर

नांदूरघाटच्या बाजारपेठेत वीरेशचं ऑनलाइन सेंटर म्हणजे मोठं विश्वासाचं ठिकाण, आणि त्या विश्वासाची सुरुवात बंकटच्या मूळव्याधीपासून झाली होती. बंकटनं तिथल्या कॉम्प्युटरवर एकदा औषध शोधलं आणि पुढं चार दिवस जो येईल त्याला पडद्यावर मूळव्याधीच्याच जाहिराती. गावानं बंकटला खुर्चीबरोबर उशीही द्यायला सुरुवात केली. वीरेशला मात्र ते मनाला लागलं. गिऱ्हाइकाची लाज आपल्या दुकानात उघडी पडावी म्हणजे काय! त्यानं परळीच्या मित्राकडून ब्राउझर बदलून घेतला, माग काढणाऱ्या जाहिराती अडवल्या आणि भिंतीवर पाटी लावली: 'तुमची माहिती इथंच पुसली जाते.' हे सगळं तो आल्या गिऱ्हाइकाला इतकं समजावून सांगे, की लोक झेरॉक्स न घेताच पळत.

शुक्रवारी दुपारी आश्रुबा मेंढपाळाची उज्ज्वला आली. सोळा वर्षांची, नुकतीच दहावी झालेली. अकरावीचा फॉर्म भरायचा म्हणून घरातून सुटली होती. दुकानात कुणी नाही असं बघून म्हणाली, "दादा, सोमवारी माझं लगीन हाय. मला करायचं न्हाई. तक्रार करता येती म्हने."

"येती की."

"घरी कळलं तर बाप जित्तं ठिवायचा न्हाई."

"नाव टाकूच न्हाई. मोबाइल नंबर लागतो, तो माझा टाकू. आन् ह्या प्रायव्हेट विंडोत उघडलेलं कॉम्प्युटरला सुदीक आठवत न्हाई बघ."

तिनं नवरदेवाचं नाव, गाव, तालुका सांगितला. त्यानं टाइप केला. शेवटच्या रकान्यापाशी पोचला तेवढ्यात दारात कुणीतरी मोटारसायकल लावली. उज्ज्वलाचा चेहरा पांढरा पडला. वीरेशची बोटं भराभर चालली, फॉर्म गेला, विंडो बंद. मोटारसायकलवाला शेजारच्या दुकानात शिरला. मग दोघांनी मिळून हिस्ट्री उघडून पाहिली. कोरी.

"बघ. पाटी वाच," वीरेश ऐटीत म्हणाला. उज्ज्वला हसली आणि पाटी वाचत वाचतच पायऱ्या उतरली.

रविवारी सकाळी आश्रुबा आला, नेहमीसारखाच. त्याला वाचता येत नाही. रेशनकार्डापासून मेंढ्यांच्या विम्यापर्यंत त्याच्या घरचा प्रत्येक कागद वीरेशनं भरलेला, आणि मग फोनवर येणारा प्रत्येक मेसेज वाचून दाखवायचं कामही वीरेशचंच. आश्रुबानं फोन पुढं केला.

"काय लिवलंय, बघ बरं."

'आपली बालविवाहाबाबतची तक्रार नोंदवली आहे.' शुक्रवार, दुपारी सव्वादोन.

वीरेशनं मेसेज पुन्हा वाचला. कुणी माग काढला नव्हता, कुणी काही चोरलं नव्हतं. त्या घरात एकच फोन आणि एकच नंबर. दहा वर्षं त्या घराच्या प्रत्येक फॉर्मवर त्यानं तोच टाकला होता. घाईत बोटांनी पाठ असलेला नंबर टाकला, आणि त्यानं वर नजर टाकून पाहिलंसुद्धा नाही.

"जाहिरात हाय, मामा," तो म्हणाला. "पुसून टाकू का?"

"पुसू नगं," आश्रुबा म्हणाला.

"लग्नाच्या कामाला घरी आलेल्या नवरदेवाच्या चुलत्यानं शुक्रवारीच वाचलाय. मागून हापिसातून फोन आला, तोबी त्यानंच घेतला, चुकून झालं म्हनला. काल सकाळी लगीन लावून मोकळे झालो. पोरीनं लई मार खाल्ला, पन मीच केलं म्हनती. तुजं नाव न्हाई घेतलं. मीबी म्हनलो, वीरेश असं करनार न्हाई, इचारून येतो." त्यानं फोन काढून घेतला. "आन् तू जाहिरात म्हनलास."

एवढंच बोलून तो गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर वीरेशला बरं वाटलं असतं.

वीरेशनं शटर ओढलं आणि हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडं एक बाई होत्या.

"तक्रार क्रमांक सांगा."

"न्हाई माज्याकडं," म्हणत त्यानं घडलं ते सगळं सांगितलं.

"मुलगी आता कुठल्या गावात आहे?"

उज्ज्वलानं नवरदेवाचं गाव सांगितलं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं. त्यानं डोळे मिटून आठवून पाहिलं, कॉम्प्युटर चालू करून हिस्ट्री उघडली. कोरी. परवा तिला ऐटीत दाखवली होती तितकीच कोरी.

"बरं, मुलीच्या वडिलांचा तरी नंबर आहे का?" बाईंनी विचारलं.

तो वीरेशनं न अडखळता सांगितला.