भिंगावरची लाल खूण

बाळाला झोपायला मिट्ट काळोख लागे, आणि तसा काळोख घरात एकाच खोलीत होता : सासऱ्यांच्या जुन्या डार्करूममध्ये. फोटो धुण्याचे ट्रे माळ्यावर गेले, पाळणा आला. पाण्यासाठी मोरीत उघडणारं मागचं दार तेवढं राहिलं. दुपारी दोनला बाळाला ठेवायचं, दार लोटायचं आणि कोणी आत जायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. सारखं उचललं की मुलं डोक्यावर बसतात, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारपासून सून कामावर परत जाणार होती. चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचं काम तिचं जीव की प्राण. पण एवढंसं लेकरू या कडक बाईंच्या हाती दिवसभर सोडायला मन धजत नव्हतं. राजीनामा लिहून तिने लंगोटांच्या कप्प्यात ठेवला होता.

त्यात ते हसणं. रोज दुपारी बंद दाराआड बाळ खदखदून हसे. आईच्या मांडीवर कधी असं हसलं नव्हतं. ती दार उघडेपर्यंत आत सगळं शांत.

तिने अंधारात बघणारा, मोबाइलवर चित्र दाखवणारा छोटा कॅमेरा आणला. तीन दिवस बाळ गाढ झोपलेलं दिसलं. हसणंही बंद.

सासऱ्यांनी कॅमेऱ्याचे निखाऱ्यासारखे मिणमिणणारे लाल दिवे पाहिले. म्हणाले, "असं डोळे वटारून कोणी बसलं तर कोण हसेल?"

तरुणपणी ते घुबडांचे फोटो काढत. फ्लॅशवर जवळजवळ काळी काच. तिच्यातून डोळ्याला न दिसणारा उजेड तेवढा बाहेर पडे, आणि तो टिपायला खास फिल्म. तिचा शेवटचा रोल फ्रीजमध्ये मटारांमागे पडून होता. सासूबाई दर साफसफाईला तो फेकायला काढत, सासरे परत ठेवत.

शुक्रवारी सासूबाई पाठ टेकायला गेल्यावर दोघांनी बेत केला. मोबाइलचा कॅमेरा काढून, आपल्या जुन्या, दिवे नसलेल्या कॅमेऱ्यात सासऱ्यांनी काळोखात, बोटांच्या अंदाजाने रोल भरला, फ्लॅशवर काळी काच चढवली, अंतर जुळवायची भिंगाची कडी फिरवून ठेवली आणि लांबून फोटो काढायच्या रबरी नळीचा फुगा घेऊन ते दाराबाहेर बसले. बाळाला ठेवताना सुनेची नजर कडीवर गेली. पाळणा दीड मीटरवर, कडीवरचा आकडा त्याच्या अलीकडचा. म्हाताऱ्याची नजर अधू झाली, असं मनात म्हणत तिने ती गुपचूप बरोबर आकड्यावर आणली.

हसू फुटलं. सासऱ्यांनी फुगा दाबला.

संध्याकाळी ट्रे खाली आले. कागदावर हळूहळू आकार उमटला, आणि सासरे कळवळले. बाळाच्या जागी नुसता पांढरा ढग. "मी लाल खुणेवर लावलं होतं की!" न दिसणारा उजेड भिंगामागे जरा लांब जाऊन एकवटतो, म्हणून कडी आधीच सरकवायची असते, खूण त्यासाठीच. रोज भिंगं हाताळणारीनेच घोळ घातला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ढगामागे, चुकलेला नेम जिथे पडला तिथे, पाळण्याच्या पलीकडच्या कठड्यावर वाकलेला एक चेहरा लख्ख आला होता, पापणीन् पापणी. गाल फुगवलेले, अंबाडा सुटलेला, केसांच्या टोकाने बाळाला गुदगुल्या चाललेल्या. मोरीच्या दाराने शिरलेल्या सासूबाई.

"चाळीस वर्षांत," सासरे हळूच म्हणाले, "माझ्या कॅमेऱ्यासमोर ही एकदा अशी दिसली नाही."

फोटो वाळत घातलेला सासूबाईंनी पाहिला. अंबाडा काही नीट आला नाही, एवढंच बोलून त्या कुकर लावायला गेल्या. कान मात्र लाल झाले होते. राजीनामा सुनेने बाळाच्या हातात दिला. त्याने तो आवडीने चावला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाइल उघडला. पडदा पांढराफटक, त्यात लोकरीच्या विणीची पुसट रेघ. परत लावलेल्या कॅमेऱ्यावर बाळाचं टोपरं चढवलेलं होतं. आवाज मात्र येत होता : खदाखदा, दोघांचा.

तिने मोबाइल पालथा ठेवला आणि डबा उघडला.