संन्याशाला फाशी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या आईला पहिल्याच दिवशी नीट बजावलं होतं. पोरीचा डावा डोळा आळशी आहे. उजवा सगळं काम उरकतो, म्हणून डावा नुसता बसून खातो. तेव्हा चष्म्याच्या आत, चांगल्या उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, शाळेतून आल्यापासून संध्याकाळपर्यंत. म्हणजे झक मारत डावा कामाला लागेल. हे लहानपणीच जमतं. पुढे कितीही पट्ट्या लावल्या तरी डोळा फारसा शिकत नाही.

आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात होती. चेन बदलायच्या, पँट आखूड करायच्या, कुणाचं पोट सुटलं की शिवण उसवून सैल करायची. दुकान दुपारी उघडायचं ते रात्रीच बंद व्हायचं. बाप शीतगृहावर रात्रपाळीचा पहारेकरी, दिवसभर घरी. म्हणजे पट्टीचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. आईने मुलीला समोर उभं करून कुठला डोळा झाकायचा ते त्याला बोट ठेवून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

तीही हसली. नवऱ्याचं बोलणं नेहमीच चपखल असायचं. कामाचं तेवढं विचारू नये.

सुरुवातीचे दिवस घरात नुसतं रणकंदन. पट्टी लावली की भिंगरी चौकटीवर आदळायची, पाण्याचा पेला लवंडायची, आणि मग भोकाड पसरायची. शेजारीण तर मुलीला मारता का म्हणून विचारून गेली. आणि एकाएकी सगळं शांत झालं. आई कामावरून आली की बाप ऐटीत सांगायचा, माझ्याकडे हूं नाही की चूं नाही, पट्टी लावून मजेत चित्रं रंगवते, तुझाच हात जड आहे.

रविवारी पट्टी आईकडे असायची, आणि रविवारी भिंगरी घर डोक्यावर घ्यायची. चावायची, ओरबाडायची. एकदा म्हणाली, तू वाईट आहेस, बाबा चांगला आहे. पोटच्या पोरीने असं म्हटल्यावर आईच्या काळजाला घरं पडली. गोष्टींची पुस्तकं आणून झाली, लाडीगोडी करून झाली. शेवटी एका रविवारी तिने पट्टी काढलीच नाही डब्यातून. बाप आठवडाभर लावतोच आहे, एक दिवस राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे? पोर दिवसभर गळ्यात पडून होती. पुढच्या रविवारीही तेच झालं, आणि मग तीच वहिवाट पडली.

रात्री झोपवताना आईला मुलीच्या डाव्या डोळ्याभोवती लाल चट्टा दिसायचा. पट्टीच्या गोंदाने कातडी कशी लाल होते हे तिने स्वतः पाहिलं होतं, उजव्या बाजूला. पण तिला वाटलं, डावा डोळा आता राबायला लागलाय, म्हणून पोर तो चोळत असेल. ती मलम लावायची आणि मनातून सुखावायची. माणसाला जे हवं असतं ते दिसायला चष्मा लागत नाही.

सहा महिन्यांनी तपासणीला दोघंही गेले. बापाने मुद्दाम झोप मोडली, कारण शाबासकी घ्यायची होती. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचा उजवा डोळा झाकून तिला समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मागच्या वेळी वरचं मोठं अक्षर तरी तिने ओळखलं होतं. आता ती खुर्चीच्या कडेला सरकून पुढे वाकली आणि गप्पच राहिली. बाईंनी पुन्हा तपासलं. पट्टी रोज लावता ना, असं विचारलं. एक दिवस चुकवला नाही, बाप छाती काढून म्हणाला. आई खाली बघत होती.

बाईंनी खणातून एक पट्टी काढली आणि भिंगरीच्या हातात दिली. लावून दाखव म्हणाल्या. भिंगरीने मागचा कागद सोलला, पट्टी डाव्या डोळ्यावर बसवली आणि अंगठ्याने कडा दाबल्या. सराईत हात होता.

"बाबा अशीच लावतो," ती म्हणाली.

"आणि आई?"

भिंगरीने उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "आई रागावली की इथे लावते."

मग बाप म्हणाला की जिथे दुखणं तिथे पट्टी, असं आपलं त्याला वाटलं. बाईंनी आवाज चढवला नाही. अजून वेळ अगदी गेलेली नाही, त्या म्हणाल्या, पण आता सगळी नजर येईलच असं मी सांगणार नाही.

बाहेरच्या बाकावर त्याने खरं काय ते सांगितलं. "कुठल्या डोळ्याला लावायची ते मला माहीत होतं. ती रडायची, मला झोप मिळायची नाही. एकदा दुसरीकडे लावून बघितली. ती गप्प झाली, मग मीही गप्प बसलो."

आईला त्याचा गळा धरावासा वाटला. इतका संताप तिला आयुष्यात आला नव्हता. पण तोंड उघडलं असतं तर आपले रविवारही बाहेर पडले असते. ती ओठ आवळून बसून राहिली, आणि त्याला वाटलं, बायको मनाने मोठी आहे.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आज तुम्ही लावा. माझ्यासमोर."

त्याने उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. भिंगरीने हात पुढे करून त्याचं नाक चाचपलं, गाल चाचपले. तिचा ओठ थरथरायला लागला.

"बाबा, तुला तोंडच नाहीये."

त्याचा हात पट्टीच्या कडेकडे गेला. आईने मनगट धरलं.

"आहे गं," ती म्हणाली. "चांगलं मोठं आहे. सहा महिने मी त्याचंच ऐकत होते."

भिंगरीने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि चष्म्यातून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आई, तुलापण नाहीये."

आईने नवऱ्याचं मनगट सोडलं नाही.