सुईचं पांढरं टोक

आमची संस्था देशभरातल्या भूशास्त्रज्ञांची. सभासद साडेतीन हजार, कार्यकारिणी सात जणांची आणि तिचा सरचिटणीस मी. सरचिटणीस म्हणजे इतिवृत्त लिहिणारा, पत्रांवर सही करणारा आणि सभेत खिडकी उघडायची की पंखा लावायचा यावर तोडगा काढणारा माणूस. अकरा वर्षं मी हेच करतोय. अध्यक्ष म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. घरी त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. संस्थेत मात्र 'सर'. दादांचे सर व्हायला मला जिना चढण्याइतका वेळ पुरतो.

त्या दिवशी टपालात एक जाड पाकीट आलं. एका टेकडीच्या पायथ्याशी तीस खाटांचं छोटं हॉस्पिटल आहे, तिथल्या मुख्य सिस्टरचं पत्र होतं, सोबत तीन फोटो. लिहिलं होतं की वॉर्डाच्या मागच्या भिंतीला बोट जाईल एवढा तडा गेलाय. दोन दारं लागेनाशी झालीत. 'मी माझ्या जबाबदारीवर पेशंट समोरच्या शाळेच्या हॉलमध्ये हलवले आहेत. सुट्टी संपेपर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, हॉल आमच्याकडे आहे. वरचे साहेब म्हणतात, नकाशात टेकडी पक्की आहे, पेशंट परत न्या. तुमच्या संस्थेचं लेखी आलं तरच ते ऐकतील.'

साहेब म्हणत होते तो नकाशा आमचाच. संस्थेच्या सभागृहात काचेआड लावलेला आहे आणि खाली कोपऱ्यात दादांचं नाव आहे. दादा या देशात ओळखले जातात ते या एका नकाशामुळे. ती टेकडी आम्ही दोघांनीच पाहिली होती, चौतीस वर्षांपूर्वी.

तिसऱ्या फोटोत हॉस्पिटलसाठी तासलेला मागचा कडा होता. खडकाचे थर स्वच्छ दिसत होते, आणि ते वॉर्डाच्या दिशेने कललेले होते. नकाशावर तिथे थरांचा कल दाखवणारा छोटा बाण आहे, तो उलट्या दिशेला, टेकडीच्या पोटात जातो. थर आत कलले असतील तर टेकडी गप्प बसते. बाहेर कलले असतील तर तिरक्या फळीवर ठेवलेल्या पुस्तकांसारखं होतं, मध्ये पाणी शिरलं की सगळी खाली. फोटो हातात धरून मी कितीतरी वेळ बाणाकडे बघत राहिलो.

कपाटातून जुनी वही काढली. आमच्या धंद्यात एक रीत आहे. एकाने कड्यावर चढून होकायंत्र लावायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, दुसऱ्याने खाली उभं राहून लिहायचा. वाचणाऱ्याने लिहायचं नाही, लिहिणाऱ्याने बघायचं नाही, म्हणजे आकड्यात कुणाचं मत मिसळत नाही. चूक होऊ नये म्हणून काढलेली ही रीत! वर मी होतो, अंगात ताप होता, धुकं होतं, आणि खाली दादा होते. त्यांच्या बहिणीशी माझं लग्न ठरत होतं, त्यामुळे 'सर, जरा बसतो' म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडच्या त्या होकायंत्राच्या सुईचं एक टोक पांढरं, एक काळं. वाचायचं पांढरं. वहीत दादांच्या टपोऱ्या अक्षरातला आकडा बरोबर अर्ध्या फेऱ्याने उलटा होता. पहिल्या वर्षाचं पोरही ज्यावरून बोलणी खातं, ती चूक मी केली होती, आणि ती चौतीस वर्षं काचेआड टांगलेली होती.

दुपारी दादांकडे गेलो. त्यांनी फोटो भिंगाखाली धरला.

"बाहेर कललेत," ते म्हणाले.

"हो."

"मग नकाशात?"

"मी काळं टोक वाचलं, दादा."

भिंग त्यांनी टेबलावर ठेवलं. "त्या दिवशी किती जागा वाचल्यास?"

"एकोणीस."

"म्हणजे नकाशाची सगळी पूर्व बाजू गेली." आवाज चढला नाही, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "परवा सभा आहे. तू बोल. मी अडवणार नाही."

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "बोलायलाच हवं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण जरा बेताने बोल हं. तो नकाशा म्हणजे त्याचं उभं आयुष्य आहे."

बेताने बोलणं हा माझा जन्मजात गुण. त्याच्याच जोरावर मी अकरा वर्षं सरचिटणीस आहे.

सभेला सातही जण होते. आमच्या घटनेप्रमाणे संस्थेच्या नावाने धोक्याचं एकही पत्र सातही जणांच्या संमतीशिवाय जात नाही. मी सिस्टरचं पत्र वाचून दाखवलं, फोटो फिरवले. उपाध्यक्षांनी फोटो पाहिले न पाहिल्यासारखे केले. या गृहस्थांना आम्ही मागे 'स्वल्पविराम' म्हणतो, कारण त्याच्याशिवाय त्यांनी कशातच कधी बदल सुचवलेला नाही. "फोटोवरून कल ठरवायचा म्हणजे धाडस आहे," ते म्हणाले. "कॅमेरा तिरका असू शकतो."

संपादकबाई आमचं त्रैमासिक काढतात. फटकळ, पण सरळ बाई. फोटो खाली ठेवून त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. "मला एवढंच सांगा. नकाशातला बाण चुकलाय, असं तुम्हाला नक्की माहीत आहे का? असेल तर आत्ता सांगा, आत्ता सही करते."

सगळे माझ्याकडे बघत होते. दादाही. त्यांच्या हातात पेन होतं, समोर कोरा कागद होता, आणि मला उगीचच ते पुन्हा खाली उभे आहेत असं वाटलं, मी आकडा सांगायची वाट बघत. चार शब्द होते. मी काळं टोक वाचलं. दादांच्या डोक्यावर, भिंतीवर, तो नकाशा होता.

"नक्की असं नाही म्हणता येणार," मी म्हणालो. "काही नोंदी कदाचित पुन्हा तपासाव्या लागतील."

दादांनी पेनाला टोपण लावलं. तेही बोलू शकत होते. मूग गिळून आम्ही दोघेही बसलो, पण विचारलं मला होतं.

मग पत्राचा मसुदा झाला. आमच्यात 'तातडीने' हा शब्द टिकत नाही, तो गेला. 'धोका' गेला, त्याजागी 'अस्थिरतेची शक्यता' आली, आणि तीही 'नाकारता येत नाही' अशी शेपूट घालून. उपाध्यक्षांनी दोन स्वल्पविराम दिले. शेवटी उरलं ते असं: 'सदर टेकडीच्या थरांच्या कलाविषयी अधिक अभ्यास होणे इष्ट आहे. त्यासाठी पुढील महिन्यात उपसमिती नेमण्यात येईल. तूर्तास उपलब्ध नकाशानुसार तातडीचा निष्कर्ष काढता येत नाही.' तातडी आली ती एवढ्यासाठी. ठराव सर्वानुमते मंजूर. खाली मी सही केली, शिक्का मारला आणि स्वतःच टपालात टाकून आलो.

त्यानंतर आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाऊस चार दिवसांपासून लागून राहिला होता. नवव्या दिवशी सकाळी अकराला ऑफिसात फोन वाजला.

"सर, मी सिस्टर बोलते. मनापासून आभार मानायला फोन केला. तुमचं पत्र आलं, तातडीचं काही नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला बघा. साहेबांनी त्याच दिवशी आदेश काढला. परवा सगळे पेशंट परत वॉर्डात आणले."

"किती आहेत?"

"सव्वीस. त्यात दोन बाळंतिणी. हॉलमध्ये फार हाल होत होते हो त्यांचे."

"सिस्टर, त्यांना बाहेर काढा. आत्ता."

मग मी सगळं सांगितलं. ताप, धुकं, सुई, काळं टोक. सभेत जे चार शब्द घशाबाहेर आले नाहीत, ते आता एका दमात आले. बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

"तुम्ही म्हणताय ते कळलं मला," ती हळू आवाजात म्हणाली. "मला लेखी द्या."

"आज देतो."

"संस्थेचं?"

"संस्थेचं द्यायचं तर सभा घ्यावी लागेल. सातही जण... माझं स्वतःचं देतो."

"तुमच्या एकट्याचं घेऊन मी साहेबांकडे जाईन सर, आत्ता जाईन. ते काय करतील सांगू? खरं आहे का, म्हणून तुमच्या संस्थेला पत्र टाकतील. उत्तर येईपर्यंत पेशंट कुठे ठेवू? शाळा सुरू झाली, हॉल गेला. मागच्या वेळी माझ्या जबाबदारीवर हलवले, त्याचा मेमो अजून टेबलावर पडलाय."

मागे कुणीतरी दार ढकलत होतं. एकदा, दोनदा, मग खांदा लावून. दार काही लागलं नाही. एक तान्हं मूल रडायला लागलं.

"कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणून आता कोण ऐकणार माझं?"

"कुणीतरी नाही, सिस्टर. मी सांगतोय."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. कागद उलगडल्याचा आवाज आला. "या पत्राखाली सही कुणाची आहे?"

"माझी," मी म्हणालो.